चाकाखालची लिंबं

१

शेषराव मिस्त्रीच्या कानाखाली अविनाशनं वाजवली, तेव्हा मोताळ्याच्या चौकात निदान साठ माणसं उभी होती. एकानंही मध्ये हात घातला नाही.

शेषराव साठी उलटलेला माणूस. चष्मा उडून पडला. त्यानं तो उचलला, सदऱ्याच्या कोपऱ्यानं पुसला, आणि एवढंच म्हणाला, "गाडी म्या नाई नेली, अविनाशभाऊ."

"मंग कोनं नेली बे? भुतानं? ते गाडी तुयाशिवाय कोनाच्या बापाले चालू होत नाई!"

लोक हसले. मार परवडला, हसणं वाईट.

चोरीला गेलेली गाडी अविनाशची नव्हतीच. ती त्याच्या आईची, मंजुळाबाईची. सदुसष्ट सालची जावा मोटरसायकल, लालभडक, टाकीच्या दोन्ही अंगाला निकेलची चमक. मंजुळाबाई सरकारी नर्स होत्या. एकोणऐंशी साली त्यांनी ती स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावावर घेतली, आणि पुढं वीस वर्षं नऊवारीचा काष्टा मारून त्या गाडीवर बसून गावोगावी बाळंतपणं केली. आज असल्या गाडीसाठी पुण्या-मुंबईची माणसं दारात येऊन उभी राहतात. मंजुळाबाईंनी एकालाही उभं केलं नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या वॉकर धरून चालत. पण दर गुरुवारी चार वाजता शेषराव यायचा, गाडी चालू करायचा, आणि त्या ओट्यावर बसून पाच मिनिटं इंजिनाचा आवाज ऐकायच्या. दुसरं त्यांना काही नको होतं.

गेल्या गुरुवारी अविनाश आईला डोळे दाखवायला बुलढाण्याला घेऊन गेला. संध्याकाळी परत आले, तर पडवी रिकामी. शुक्रवारी चौकात थप्पड.

रविवारी सकाळी मंजुळाबाईंनी संजीवनीला फोन लावला. संजीवनी म्हणजे बुलढाण्याच्या आरटीओ ऑफिसबाहेर टेबल टाकून पंधरा वर्षं गाड्यांचे कागद करून देणारी बाई. कोणाची गाडी कोणाच्या नावावर गेली, कशी गेली, कोणी कोणाला फसवलं, हे तिला फॉर्मवरच्या शाईवरून कळायचं. तिला राग आला की तिचा आवाज चढत नसे, उलट खाली जात असे. ओळखणारे तेव्हाच घाबरत.

"संजू, चोर हुडक," मंजुळाबाई म्हणाल्या. "गाडीसाठी नाई म्हनत मी. लोखंड हाये ते. पण उद्या सकाळी अविनाश पोलिसात शेषरावचं नाव देऊन राह्यला. माया गाडीपायी त्या मानसाची इज्जत गेली, तं मी मरताना कोनत्या तोंडानं मरू?"

"आलेच मावशी," संजीवनी म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता.

२

ती आधी घरी गेली नाही. बसस्टँडमागच्या शेषरावच्या दुकानात गेली.

दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. मागच्या भिंतीवर खिळ्यांच्या चार ओळी. शेषराव स्टुलावर बसून त्या खिळ्यांकडं बघत होता.

"हे काय पाहून राह्यले, मिस्त्री?"

"चाव्या होत्या इथी," तो म्हणाला. "चाळीस-पंचेचाळीस. लोकं गाडी लावत, चावी खिळ्याले अडकवत, अन् निंघून जात. पावती नाई, काई नाई. पस्तीस वर्षं. परवा अविनाशभाऊनं मारलं, अन् सांजच्यापावतर एकेक जन आला. कोनी बोललं नाई माह्यासंग. आपापली चावी काढली अन् गेला."

खिळे मोकळे होते.

"गुरुवारी तुम्ही गेला होता का तिथं?"

"हाव. चार वाजता. दर गुरुवारसारखा."

"गाडी?"

"नोती. फाटक उघडं, पडवी खाली. म्या समजलो, नातीच्या नावावर करून राह्यले गाडी, पासिंगले नेली असंन बुलढान्याले. म्हनून गुपचूप वापस आलो."

"आणि हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही!"

"कोनाले सांगू? घरात कोनी नोतं." तो पहिल्यांदाच तापला. "अन् ताई, तुमालेही सांगतो. मले ते गाडी चोरायची असती, तं चोरायची गरज नोती. तिचा एकेक बोल्ट, एकेक नट माह्या हातचं हाये. म्या मांगतली असती, तं बाईनं देल्ली असती. म्हनून तं कधी मांगतली नाई."

ती निघताना त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. "फाटकाम्होरं दोन लिंबं पडले होते. चेंदामेंदा. म्या वलांडून गेलो."

संजीवनी थांबली. "चार वाजता पडलेली होती? नक्की?"

"नक्की. आता सारं गाव म्हनते, म्याच करनी केली."

३

लिंबं अजून तिथंच होती.

तीन दिवस झाले होते, पण झाडूवालीनं त्यांच्या चहूकडून झाडलं होतं, त्यांना हात लावला नव्हता. माणसं, शेळ्या, सायकली, सगळे वळसा घालून जात होते. सुकून चामड्यासारखी झालेली ती दोन लिंबं अख्ख्या गल्लीवर राज्य करत होती.

संजीवनी त्यांच्यापाशी उकिडवी बसली. समोरच्या दारातून कोणीतरी बाई ओरडली, "ओ ताई, हात नोका लावू! भारलेले हायेत!"

संजीवनीनं लिंबू उचललं.

करणीचं लिंबू चिरलेलं असतं, त्यात कुंकू भरलेलं असतं, कुठं टाचण्या टोचलेल्या असतात. ह्याला सुरीचा स्पर्श नव्हता. वजनाखाली ते फुटलं होतं, बिया एका अंगाला उडाल्या होत्या, आणि सालीवर उभ्या रेघा उमटल्या होत्या. जुन्या पद्धतीच्या, बारीक टायरच्या रेघा. दुसरं लिंबूही तसंच. दोन्ही एकाच ओळीत, एकामागं एक. तिनं हातानं माप घेतलं. कोपरापासून बोटांपर्यंत, तीन हात भरले जेमतेम. मोटरसायकलच्या पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर.

फाटकाच्या दगडी उंबऱ्यावर पाण्याचा वाळलेला डाग होता, आणि डागात नारळाच्या शेंडीचे दोन केस चिकटलेले.

संजीवनी उठली तेव्हा तिचे कान तापले होते. गाव तीन दिवस ज्याला करणी म्हणून घाबरलं, ते दर दसऱ्याला हेच गाव आपल्या गाडीखाली ठेवतं! नवी गाडी घरी नेताना प्रत्येक जण ठेवतो. चोर चाकाखाली लिंबू ठेवत नाही. चोर नारळ फोडत नाही. चोराला घाई असते.

ही गाडी नेणारा माणूस चोर नव्हताच. त्यानं ती रीतसर विकत घेतली होती, भर दिवसा, गल्ली वावरात गेलेली असताना, पूजा करून.

म्हणजे चोर कोणीतरी दुसरा होता. ज्यानं विकली, तो.

४

"विकली? कोनं विकली?" अविनाश ओरडला. खतांच्या दुकानात बसून बसून त्याला गिऱ्हाइकावर ओरडायची सवय झाली होती, ती घरीही जात नसे. "त्याच हरामखोरानं विकली असंन!"

"अविनाशभाऊ, तुम्हालाही विकायची होती ना ती?"

तो चपापला. "हो, म्हनलं होतं म्या. मायले म्हनलं, धूळ खाऊन राह्यली, देऊन टाक. लपवून काय करू? त्यावरून भांडन झालं आमचं. पन गुरुवारी मी दिवसभर मायसंग दवाखान्यात होतो. अपेक्षाले विचारा."

अपेक्षा म्हणजे त्याची मुलगी, बुलढाण्याला कॉलेजात शिकणारी. तीही दिवसभर दवाखान्यात आजीजवळ होती. आजी गाडी तिच्या नावावर करणार होती. "मी रील टाकले होते गाडीचे," ती रडवेली होऊन म्हणाली. "कोण कोण विचारायचं, विकता का म्हणून. दिवाळीत सोनाळ्याचे एक काका तर घरीच आले होते. रंगराव नावाचे. आजीनं आतूनच नाही म्हणून निरोप पाठवला."

"त्यांनी आजीला पाहिलं?"

"नाही. आजी पलंगावर होती. आजीची जाऊ, काकूआजी, तिनंच दारात जाऊन 'विकायची नाही' एवढं सांगितलं."

संजीवनीनं ते मनात ठेवलं. मग तिनं तो प्रश्न विचारला, ज्याची तिला सकाळपासून भीती वाटत होती. "मावशी, गाडी अपेक्षाच्या नावावर करायचे मी दिलेले फॉर्म कुठं आहेत?"

"देवघरात. पाटाखाली. आरसी बुकासंग. चांगला दिवस पाहून अपेक्षाच्या हातात द्यायचे होते. गुरुवारी सकाळी निंघताना त्याईले हात लावून नमस्कार केला म्या."

देवघरातला पाट उचलला. खाली काहीच नव्हतं.

संजीवनीनं पाट खाली ठेवला. पंधरा दिवसांपूर्वी तिनंच मंजुळाबाईंच्या सह्या घेतल्या होत्या. अपेक्षाचं आधार कार्ड हाताशी नव्हतं, म्हणून घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवलं. 'मग भरू' म्हणून. आरटीओबाहेरचे सगळेच असं करतात, तीही करत आली होती. कोऱ्या नावावर मालकाची खरी सही! ज्याच्या हाती ते कागद, त्याच्या हाती गाडी. शेषरावला पडलेल्या थपडेत आपलंही एक बोट आहे, हे तिला तिथं देवासमोर कळलं, आणि तिचा राग अविनाशवरून फिरून स्वतःवर आला.

"गुरुवारी घरात कोण होतं?" तिनं इतक्या हळू विचारलं की अविनाशला पुढं वाकावं लागलं.

दोघी. अविनाशची बायको राखी, आणि मंजुळाबाईंची धाकटी जाऊ पुष्पाबाई. ह्याच अंगणात, पलीकडच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या, लेकरूबाळ नसलेल्या बाई. दोन्ही घरांचं देवघर एकच.

राखी तडकली. "माह्याकडं काऊन पाहून राह्यले सारे? हे नोते म्हनून मी दहापासून सहापावतर दुकानात गल्ल्यावर होती. गिऱ्हाइकं विचारा. अन् देवघराचं म्हनाल, तं बुधवारपासून काल रात्रीलोक मले देवघराचा उंबरा बंद होता. काकू त्या चार दिवसांत मले फुलाच्या टोपलीलेही शिवू देत नाईत. आज न्हाली, तवा पहिल्यांदा पाय ठेवला."

ती हे बोलली, आणि अंगणात कोणाच्याही लक्षात आलं नाही की तिनं एक दार बंद केलं होतं आणि दुसरं उघडलं होतं.

५

पुष्पाबाई तुळशीपाशी जप करत बसल्या होत्या. पांढरं लुगडं, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे, कारण त्यांचा खोटं न बोलण्याचा नेम होता. बावीस वर्षांचा. लोक पैजेवर सांगत, पुष्पाबाईच्या तोंडून खोटं निघणार नाही.

"काकू, गुरुवारी तुम्ही शेषरावला पाहिलं म्हणे?"

"चार वाजता फाटकातून भाईर येताना पाह्यलं. जे पाह्यलं ते सांगतलं."

"गाडी होती का त्याच्याजवळ?"

"पायी होता. पुढचं-मागचं मी काय सांगू, माय?"

"तुम्ही दुपारी घरीच होता?"

"दोन वाजता देवळात पोथी होती. दार लोटून गेली. चारला आली."

"जाताना पडवीत गाडी होती का?"

"पोथीले जाताना मी इकडं तिकडं पाहत नाई."

"रोज देव तुम्हीच पुसता. पाटाखालचे कागद गेलेले दिसले नाहीत?"

"मले कागदातलं काय समजते?"

"आणि ती लिंबं?"

"लोकं करनी म्हनतात," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि माळ पुढं सरकली.

संजीवनी उठली. तिनं पाच-सहा प्रश्न विचारले होते. उत्तर प्रत्येकाला मिळालं होतं, खोटं एकही नव्हतं, आणि विचारलं होतं त्याचं एकही नव्हतं.

पण एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. दार लोटलेलं होतं. बाहेरचा कोणीही देवघरात शिरू शकला असता. शेषरावही. गाडी विकली गेली एवढं लिंबांनी सांगितलं, पण विकणारा कोण, हे सांगायला लिंबांना तोंड नव्हतं.

मग तिला नारळ आठवला.

नारळ फुटला की दोन वाट्या होतात. एक घेणारा नेतो. दुसरी देणाऱ्याच्या हातात पडते. ती वाटी कुठं गेली?

पाच वाजता पुष्पाबाई देवळात गेल्या. संजीवनी राखीकडं गेली. "राखी, मी जाताना नळगंगा नदीवरून जाते आहे. माझं निर्माल्य आहेच सोबत. तुमचंही दे, सोडते."

राखीनं देवघरामागच्या खिळ्यावरची कापडी पिशवी काढून दिली. वाळली फुलं, बेलाची पानं, जानव्याचा तुकडा. आणि तळाशी, केळीच्या पानात गुंडाळलेली, नारळाची एक वाटी.

खोबरं तसंच होतं. एक तुकडाही कोरलेला नव्हता. वरून कुंकू, आणि करवंटीच्या पाठीवर काळ्या इंजिन-ऑइलचा माणसाच्या अंगठ्याएवढा ठसा.

६

सात वाजता सगळे पडवीत बसले. पुष्पाबाईही. शेषरावला संजीवनीनं बोलावून घेतलं होतं. तो आत यायला तयार नव्हता, पायरीवरच उभा राहिला. अविनाश त्याच्याकडं बघत नव्हता.

संजीवनीनं पिशवी उघडली आणि वाटी सगळ्यांच्या मध्ये ठेवली.

"हा नारळ देवळातला नाही," ती म्हणाली. "देवळातल्या नारळाला गाडीचं काळं ऑइल लागत नाही. गाडीवर हात फिरवून, त्याच हातानं फोडलेला आहे. गुरुवारी, फाटकावर. अर्धा घेणाऱ्यानं नेला. अर्धा ज्यानं गाडी विकली त्याला दिला."

"मंग?" अविनाश म्हणाला.

"मग हा अर्धा निर्माल्याच्या पिशवीत कसा आला? शेषरावनं विकली असती, तर तो आपल्या घरी घेऊन गेला असता, किंवा रस्त्यात टाकला असता. तुमच्या देवघरामागच्या खिळ्याला अडकवायला परत कशाला आला असता? राखीला मिळाला असता, तर तिला ती पिशवी शिवायची बंदी होती. आणि ही वाटी कोणी खाल्ली का नाही? घरात प्रसादाचं खोबरं तीन दिवस राहतं का? ज्याला माहीत नव्हतं, त्यानं खाल्लं असतं. ज्याला धर्म नव्हता, त्यानं फेकलं असतं. हे अशा माणसानं ठेवलंय, ज्याला ते कुठून आलं हे माहीत होतं, म्हणून खाववलं नाही. आणि प्रसाद म्हणून टाकवलंही नाही."

पुष्पाबाईंची माळ थांबली.

संजीवनीनं फोन काढला. नंबर अपेक्षानं शोधून दिला होता. स्पीकर लावला.

"रंगराव बोलता का, सोनाळ्याहून? जावा घेतली ना तुम्ही, मोताळ्यातून?"

"हाव, घेतली की! चालू नाई झाली, ढकलतच टेम्पोत चढवली." माणूस खुशीत होता. "मंजुळाबाईपासून. देवमानूस बाई आहे. पांढरं लुगडं, कपाळाले बुक्का. काऊन, कागदात काई कमी राह्यलं का?"

"त्या स्वतः म्हणाल्या का, मी मंजुळाबाई म्हणून?"

"म्हनल्या... नाई. म्या इचारलं, तुमीच का मालकीन? तं हात जोडले त्याईनं. सहीचे कागद देल्ले. म्या साडी-चोळी देऊन राह्यलो होतो, ते घेतली नाई." त्याचा आवाज बदलला. "ताई, काय झालं? चोरीची हाये का गाडी? अवो, म्या पाया पडलो त्या बाईच्या!"

मंजुळाबाईंनी वॉकरवर हात आपटला. "पुष्पे!"

पुष्पाबाई मान वर न करता बोलल्या. हळूहळू, पण थांबल्या नाहीत. "हाव. देल्ली म्या. माह्या लग्नाच्या वरातीत लोकं बोटं दाखवून हासले, बाई. म्हने, ज्या घरची मोठी सून फटफटीवर बसते, त्या घरात ही चालली. चाळीस वर्षं ते फटफटी माह्या डोळ्यासमोर उभी हाये. तुमाले गावानं हात जोडले, मले कोनी इचारलं नाई. आता नात बसनार तिच्यावर? पुन्हा तेच? म्हनून देल्ली. पैसा म्या शिवला नाई. समदा देवळाच्या सभामंडपाले देल्ला, नाव न सांगता. अन् खोटं मी एक अक्षर बोलली नाई."

"काकूआजी!" अपेक्षा किंचाळली.

संजीवनी पुष्पाबाईंसमोर येऊन बसली. आता तिचा आवाज इतका खाली गेला होता की पायरीवरच्या शेषरावला ऐकू आला नसता, पण पडवीत श्वासही वाजत नव्हता, म्हणून ऐकू आला.

"काकू, मीही उपास करते. मीही नेम पाळते. म्हणून मला तुमचा जास्त राग येतो. तुम्हाला नारळाची वाटी टाकवली नाही. माणूस टाकवला! चौकात त्याला मारलं, तुम्ही इथं जप करत होता. गाव त्याला करणी करणारा म्हणालं, आणि तुम्हाला माहीत होतं लिंबं कोणी ठेवली. एक वाक्य पुरलं असतं. तुमचा खोटं न बोलण्याचा नेम कोणासाठी होता हो? तो मोडू नये म्हणून तुम्ही दुसऱ्याचं आयुष्य मोडलंत, आणि वर देवाला सभामंडप दिलात!"



"अन् मीही काही सोवळी नाही," संजीवनी अविनाशकडं वळून म्हणाली. "कोरा फॉर्म माझा होता. पण थप्पड तुमची होती."

७

अविनाश उठला. तो पायरी उतरून शेषरावसमोर उभा राहिला आणि वाकायला गेला. शेषराव दोन पावलं मागं सरकला.

"इथी नोको," तो म्हणाला.

"मंग कुठी, मिस्त्री? सांगा तुमी."

"मारलं कुठी होतं?"

अविनाशची नजर फाटकाबाहेर, चौकाच्या दिशेनं गेली.

पुष्पाबाई भिंतीला धरून उठल्या. पायरीपाशी आल्या, हात जोडले. "शेषराव, मी देवापुढं कबूल करते. आत्ता, या घडीले. त्याच्या पायावर डोकं ठेवून सांगते की तुह्या हातून काई झालं नाई."

शेषरावचा चष्मा धुरकट झाला होता. तो त्यानं काढला नाही.

"देवाले माहीतच होतं, काकू," तो म्हणाला. "लोकाईले सांगा."

रविवारची संध्याकाळ. चौकातल्या हॉटेलवर भजी तळली जात होती, शेतातून आलेली टेम्पोभर माणसं चहा पीत उभी होती. मंजुळाबाई वॉकर टेकत पुढं निघाल्या. कोणी आधार द्यायला आलं, तर त्यांनी हात झटकला. मागून अविनाश, खाली मान घालून. त्याच्या मागं पुष्पाबाई, डोक्यावरचा पदर आज मागं पडलेला. शेषराव सगळ्यांत शेवटी, दहा पावलं दूर.

मंजुळाबाई वडाच्या पारापाशी थांबल्या. हॉटेलवाल्यानं झारा खाली ठेवला. ज्यांनी परवा हसून घेतलं होतं, तेच चेहरे होते.

"बोल, पुष्पे," मंजुळाबाई म्हणाल्या. "मोठ्यानं बोल. मागच्याले ऐकू गेलं पाह्यजे."

पुष्पाबाईंनी एकदा देवळाच्या कळसाकडं पाहिलं. मंजुळाबाईंनी त्यांची हनुवटी धरून तोंड माणसांकडं फिरवलं.

"गाडी..." पुष्पाबाईंचा आवाज फाटला. मागून कोणीतरी ओरडलं, "ऐकू नाई येऊन राह्यलं!"

आणि त्या मोठ्यानं बोलल्या.